जुने सिनेमे बघून पोरं सुधारायची, हे कुणी सांगितलं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूडच्या सिनेमांवर आलेला लेख वाचला. वाया गेलेली, रस्त्यावर वाढलेली पोरं आणि त्यांना मार्गावर आणणारे फादर, मास्तर, जेलर वगैरे असलेले सिनेमे. विषय माझ्या आवडीचा म्हणून चहा थंड होईपर्यंत वाचत बसलो आणि शेवटी डोकं तापलं. लेखकाचं म्हणणं असं की तेव्हाचे सिनेमे संस्कार करायचे, पोरं थेटरातून बाहेर पडताना शहाणी होऊन निघायची आणि आता मात्र सिनेमा, वेबसिरीज, रील्स यांनी पोरांच्या हातात कोयते दिलेत. लेखासोबतच्या फोटोत पण एक घोळ आहे, तो शेवटी सांगतो. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर मधे कुठेही लावा पण फोटोची दुरुस्ती तेवढी ठेवा.

आधी माझी ओळख. मी आयटीआयमधून रिटायर झालेला सुतारकामाचा निदेशक. सिनेमातलं शिक्षण शून्य. पण नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क यायचं ना, ते रात्री बंद झालं की त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि मेट्रो गोल्डविन मेयर नाहीतर वॉर्नरचे जुने ब्लॅक अँड व्हाईट सिनेमे लागायचे. पोरं टॉम अँड जेरी बघून झोपायची आणि मी आवाज अगदी कमी करून जेम्स कॅग्नी बघत बसायचो, बायको आतून ओरडायची की झोपा आता, सकाळी सातची शिफ्ट आहे. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पुढे इंटरनेट आल्यावर हेच सिनेमे सबटायटल लावून परत बघितले, तेव्हा कळलं की पहिल्या वेळी बरंच काही चुकीचं समजून बसलो होतो.

तर मुद्दा. हे सिनेमे जेव्हा नवे होते तेव्हा त्यांना कुणी संस्कारी म्हणत नव्हतं. उलट हेच पोरं बिघडवतात म्हणून अमेरिकेत ओरड चाललेली. १९३३ साली पेन फंड नावाच्या संस्थेच्या पैशाने केलेले अभ्यास छापून आले, सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो यावर अनेक पुस्तकं, आणि त्यातल्या एका अभ्यासात तर सुधारगृहातल्या पोरांनाच विचारलेलं की बाबांनो, तुम्ही सिनेमातून काय शिकलात. त्यावरून पेपरांत, चर्चमध्ये जोरात चर्चा. कॅथलिक लोकांनी बहिष्काराची धमकी दिली आणि १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन नावाच्या गृहस्थाच्या सेन्सॉर ऑफिसची सही असल्याशिवाय मोठ्या कंपनीचा सिनेमा थेटरात लागेना. सिनेमात काय दाखवायचं नाही याचे नियम १९३० पासूनच कागदावर होते, पण विचारतो कोण. ब्रीन आल्यावर गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे, गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, हे सगळं सक्तीने पाळायला लागलं. म्हणजे लेखकाला जो 'संस्कार' दिसतोय त्यातला बराचसा ऑफिसातून शिक्का मारून आलेला आहे.

आणि हे काही तीसच्या दशकातच संपलं नाही. १९५५ चा 'ब्लॅकबोर्ड जंगल' घ्या, गुंड पोरांच्या शाळेत आलेला मास्तर, ग्लेन फोर्ड, आणि वर्गातल्या पोरांत सिडनी पॉइटिये. आज बघितला तर मास्तरांच्या ट्रेनिंगला दाखवावा इतका सोज्वळ वाटतो. पण तेव्हा इटलीतल्या अमेरिकन राजदूत बाईंनी, क्लेअर बूथ लूस यांनी, व्हेनिस फेस्टिव्हलमधून तो काढायला लावला कारण अमेरिकेची बदनामी होते म्हणे. इंग्लंडमध्ये त्याच्या सुरुवातीला वाजणाऱ्या 'रॉक अराउंड द क्लॉक' वर पोरं थेटरात नाचली आणि खुर्च्या फाडल्या. हा झाला लेखकाचा संस्कारी सिनेमा! अमेरिकन सिनेटच्या कमिटीने त्याच वर्षी लॉस एंजेलिसला बसून सिनेमामुळे बालगुन्हेगारी वाढते का याची चौकशी केली. आपल्याकडच्या चर्चा आठवल्या की नाही? आमचे वडील दादा कोंडक्यांना शिव्या घालायचे, आम्ही त्यांच्या मागे बसून हसायचो, आता आम्ही रील्सना शिव्या घालतो. चालायचंच.

आता सिनेमांबद्दल. लेखात सगळे एकाच टोपलीत टाकलेत, पण ते तसे नाहीत. ब्रीनच्या आधीचे आणि नंतरचे यात रात्रंदिवसाचा फरक आहे. १९३३ चा विल्यम वेलमनचा 'वाइल्ड बॉईज ऑफ द रोड' लेखात नाहीच. मंदीचा काळ, दोन साधी शाळकरी पोरं, चांगल्या घरातली, घरची कमाई बंद होते तेव्हा घरावर भार नको असं म्हणून मालगाडीवर चढून निघतात. तेव्हा अमेरिकेत अशी अडीच लाखांच्या आसपास पोरं पोरी मालगाड्यांवरून हिंडत होती असा अंदाज सांगतात, म्हणजे हे काही कुणाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. एका पोराचा पाय रुळावर जातो, तो सीन आजही बघवत नाही आणि त्यात रक्ताचा एक थेंब दाखवलेला नाही. मग ही पोरं सिमेंटच्या मोठ्या ड्रेनेजच्या पाइपांत वस्ती करून राहतात आणि पोलीस येऊन पाण्याचे पाइप लावून त्यांना हुसकतात. या पोरांना सुधारायचं म्हणजे नक्की काय करायचं? त्यांनी काही बिघडवलेलंच नाही. शेवटी एक प्रेमळ जज्ज येतो आणि सगळं गोड करतो, तो शेवट कंपनीने बदलून घेतलेला आहे आणि ठिगळ दिसतं स्पष्ट. पण त्याच्या आधीचा तासभर खोटं बोलत नाही.

त्याच वर्षीचा 'द मेयर ऑफ हेल'. यात सुधारगृहच आहे. वॉर्डातला एक पुढारी छाप माणूस, कॅग्नी, निवडणुकीत केलेल्या कामाचं बक्षीस म्हणून त्याला सुधारगृह खात्यात पद मिळतं. आपल्याकडे महामंडळं वाटतात तसंच. जाऊन बघतो तर सुपरिटेंडंट पोरांना फोडून काढतोय, जेवणात पाणी. मग हा आणि तिथली नर्स मिळून पोरांच्या हातात कारभार देतात. पोरांनी आपला मेयर निवडायचा, पोलीस त्यांचेच, खजिनदार त्यांचाच. ही कल्पना सिनेमावाल्यांनी हवेतून काढली नव्हती, न्यूयॉर्क राज्यात फ्रीव्हिल नावाच्या गावी विल्यम जॉर्ज यांनी १८९५ पासून पोरांचं असं छोटं प्रजासत्ताक चालवलेलं होतं. पण सिनेमाचा शेवट भयानक आहे. कॅग्नी नसताना जुना सुपरिटेंडंट परत येतो, आजारी पोरगं अंधारकोठडीत मरतं, बाकीची पोरं उठतात आणि त्या माणसाचा खटला स्वतःच चालवतात, तो जीव घेऊन पळतो आणि छपरावरून पडून मरतो. पाच वर्षांनी हीच गोष्ट 'क्राईम स्कूल' म्हणून परत काढली, कॅग्नीच्या जागी हम्फ्री बोगार्ट. तोपर्यंत ब्रीन आलेला. दोन्ही लागोपाठ बघा, पहिल्याला धार आहे आणि दुसरा म्हणजे धार गेलेला रंधा, लाकडावरून नुसता सरकतो.

बोगार्टची मला गंमत वाटते. १९३७ ला 'डेड एंड' मध्ये तो पोरांना बिघडवणारा गुंड, १९३८ ला 'क्राईम स्कूल' मध्ये पोरांना सुधारणारा साहेब, त्याच वर्षी 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' मध्ये दगाबाज वकील, आणि १९४९ च्या 'नॉक ऑन एनी डोअर' मध्ये झोपडपट्टीतल्या पोराची केस लढवणारा चांगला वकील. पगार मिळेल ती बाजू.

'डेड एंड' वर थांबायला पाहिजे कारण या सगळ्या पोरांचा उगम तिथे आहे. सिडनी किंग्जली यांचं नाटक १९३५ ला ब्रॉडवेवर आलं. जागा न्यूयॉर्कची, ईस्ट नदीचा काठ, रस्ता जिथे संपतो तिथे एका बाजूला श्रीमंतांची नवीकोरी उंच बिल्डिंग, दुसऱ्या बाजूला उंदरांच्या चाळी, आणि मधे नदीत उड्या मारणारी पोरं. नाटकात पोरं खरोखर ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात उड्या मारायची, तीच नदी. १९३७ ला विल्यम वायलरने सिनेमा केला. त्याला खऱ्या गल्लीत शूटिंग करायचं होतं पण निर्माता सॅम्युअल गोल्डविनने स्टुडिओतच अख्खी गल्ली उभी करायला लावली, आणि असं सांगतात की सेटवर मुद्दाम टाकलेला कचरा बघून साहेब वैतागले, एवढा पैसा खर्च केलाय आणि हे घाण काय करून ठेवलंय.

त्यात सुधारणारा असा कुणी नाहीच. एक बेकार आर्किटेक्ट आहे, जोएल मॅक्रे, त्याला या चाळी पाडून चांगली घरं बांधायची आहेत, पण हातात काम नाही. एक बहीण आहे, सिल्व्हिया सिडनी, संपावर गेलेली, तिला धाकट्या भावाची काळजी आणि सगळ्यात मोठी भीती कसली, तर त्याला सुधारगृहात पाठवतील याची. तिथून पोरगं पक्कं होऊन येतं हे तिला माहितीय, समोर बोगार्ट उभाच आहे. तो दहा वर्षांनी आईला भेटायला गल्लीत येतो आणि आई त्याला थोबाडीत देते. मार्जोरी मेन ही बाई बघाच, दोन मिनिटांचा रोल, चेहरा असा की हात आपल्याच गालावर जातो. सिनेमा म्हणतो की घर बदला, गल्ली बदला. त्याच १९३७ मध्ये अमेरिकेत गरिबांच्या सरकारी घरांचा कायदा पास झाला. सिनेमामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही एकाच हवेतून आलेले आहेत.

आणि ती सहा पोरं! बिली हॅलॉप, लिओ गोर्सी, हंट्झ हॉल, बॉबी जॉर्डन, गॅब्रिएल डेल, बर्नार्ड पन्सली. नाटकातूनच आली आणि नावच पडलं डेड एंड किड्स. लेखक म्हणतो ही 'रस्त्यावरून उचललेली खरी पोरं', हे चूक आहे. हॅलॉप आधीपासून रेडिओवर गाजलेला, गोर्सीचा बाप स्वतः नट आणि लिओ नाटकात यायच्या आधी प्लंबरच्या हाताखाली शिकत होता. पण गोल्डविनच्या स्टुडिओत त्यांनी इतका धिंगाणा घातला, एक ट्रक पण नेऊन धडकवला म्हणे, की त्याने करार वॉर्नरला विकून टाकला. वॉर्नरला सोन्याची खाण मिळाली. दर थोड्या महिन्यांनी तीच पोरं, तीच टोपी, तीच गल्ली, नवीन सुधारक. पुढे लोकांना कंटाळा आला, मग यातलीच काही मंडळी ईस्ट साइड किड्स झाली, मग बॉवेरी बॉईज झाली आणि १९४६ ते १९५८ मध्ये त्या नावाचे ४८ सिनेमे निघाले, सगळी कॉमेडी. चाळिशीचे बाप्ये टोपी उलटी घालून पोरांसारखे वागतायत. नदीत उडी मारणारं पोरगं तिथपर्यंत येऊन पोचलं.

त्यांचं पुढे काय झालं हे मला सिनेमांपेक्षा जास्त लागतं. बॉबी जॉर्डन, सगळ्यात गोड चेहऱ्याचा, दारूत गेला, १९६५ ला लिव्हरने वारला, वय ४२. हॅलॉप पुढे नर्स झाला, टीव्हीवर छोटे रोल करत. आणि पन्सली, जो बहुतेक सिनेमांत मागे उभा असायचा, ज्याला डायलॉगच नसायचे, तो सैन्यातून परत आल्यावर शिकून डॉक्टर झाला आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जगला. सहाही पोरं एकाच गल्लीतून निघाली, तेच सिनेमे, तेच फादर, तीच भाषणं ऐकून. कुठली भाषणं कुणाला लागू पडली सांगा बरं.

आता लेखकाचा सगळ्यात आवडता, १९३८ चा 'बॉईज टाऊन'. स्पेन्सर ट्रेसी फादर फ्लॅनगन, मिकी रूनी वाया गेलेलं पोरगं व्हाइटी. खोटं कशाला बोलू, मी पण रडतो. ते छोटं पोरगं पी-वी गाडीखाली येतं तिथे दरवेळी रडतो, आणि दरवेळी स्वतःवर चिडतो की परत फसवलं यांनी. कारण हे फसवणंच आहे, बारकं पोर गाडीखाली घालायचं आणि मोठ्याचं मन बदलायचं. ट्रेसीला ऑस्कर मिळालं, लागोपाठ दुसरं. ती बाहुली त्याने फादर फ्लॅनगनना दिली.

पण खरा फ्लॅनगन सिनेमातल्यापेक्षा फार मोठा माणूस. मूळचा आयर्लंडचा, नेब्रास्कात ओमाहाला आधी बेघर पुरुषांसाठी हॉटेल चालवायचा आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की हे लोक लहानपणीच सुटलेले आहेत, आता उशीर झालाय. म्हणून १९१७ च्या डिसेंबरमध्ये ९० डॉलर उसने घेऊन भाड्याच्या घरात पोरं ठेवायला सुरुवात केली. १९२१ ला शहराबाहेरचं एक शेत मिळालं. भिंत नाही, कुंपण नाही, मारझोड नाही, धर्म आणि रंग कुठलाही चालेल, आणि पोरांचा मेयर पोरांनी निवडायचा. सिनेमा आल्यावर गंमत अशी की लोकांना वाटलं यांना हॉलिवूडने भरपूर दिलं असणार आणि देणग्या उलट आटल्या. १९४१ ला दुसरा भाग काढावा लागला.

आणि जे सिनेमात कधीच येणार नव्हतं ते १९४६ ला झालं. फादर आपल्या मायदेशी गेले. आयर्लंडमध्ये पडदा गाजवलेला हिरो आल्यासारखं स्वागत, गर्दी. आणि या माणसाने तिथल्या चर्चच्या लोकांनी चालवलेल्या पोरांच्या संस्थांना, इंडस्ट्रियल स्कूलना, उघड नावं ठेवली, ही शिक्षेची ठिकाणं आहेत आणि तुम्ही लोक हे चालू देता असं लोकांना तोंडावर सांगितलं. स्वतः कॅथलिक फादर असून. तिथल्या मंत्र्याने संसदेत उडवून लावलं, पेपरांनी सुद्धा हात आखडता घेतला. दोन वर्षांनी, १९४८ ला, फादर बर्लिनमध्ये वारले, युद्धानंतरच्या अनाथ पोरांच्या कामासाठी गेले होते. आणि त्या संस्थांमध्ये पोरांचं काय केलं जात होतं हे सरकारी चौकशी अहवालात अधिकृतपणे छापून यायला २००९ उजाडलं. साठ वर्षं. सगळ्यांनी 'बॉईज टाऊन' बघितला होता, टाळ्या वाजवल्या होत्या, रडले होते.

म्हणून मला ट्रेसीपेक्षा त्याच वर्षीचा 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' जास्त खरा वाटतो, जरी त्याची अख्खी गोष्ट एका थापेवर उभी आहे. मायकेल कर्टिझचा. दोन पोरं, रॉकी आणि जेरी, मालगाडीच्या डब्यात चोरायला शिरतात, सापडतं काय तर फाउंटन पेनं. पोलीस येतात, दोघं पळतात. जेरी जोरात पळतो आणि सुटतो. रॉकी सापडतो, सुधारगृहात जातो, तिथून मोठ्या जेलात. जेरीला जाऊन कबूल करायचं असतं तर रॉकीच त्याला गप्प बसवतो. पुढे रॉकी म्हणजे कॅग्नी नामांकित गुंड आणि जेरी म्हणजे पॅट ओब्रायन त्याच गल्लीत फादर. आणि गल्लीतल्या पोरांना, म्हणजे आपल्या डेड एंड किड्सना, अर्थातच रॉकी आवडतो. फादरकडे काय आहे, एक जिम आणि बास्केटबॉल. शेवटी रॉकीला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते आणि फादर त्याला जाऊन सांगतो की तू रडत, भेकत, घाबरून मर, म्हणजे पोरांच्या मनातून उतरशील. रॉकी म्हणतो शक्य नाही, माझ्याकडे तेवढं एकच शिल्लक आहे. आणि मग त्या दारापाशी पोचल्यावर तो ओरडायला लागतो.

खरंच घाबरला की नाटक केलं? कॅग्नीला लोक आयुष्यभर हा प्रश्न विचारत राहिले आणि त्याने मुद्दाम दोन्ही वाटेल असं केलंय असंच उत्तर दिलं. तो स्वतः तसल्याच भागात वाढलेला, न्यूयॉर्कच्या यॉर्कव्हिलमध्ये, आणि त्याच्या लहानपणच्या टोळीतला एक मित्र सिंग सिंग तुरुंगातल्या विजेच्या खुर्चीवरच गेला होता, हा तेव्हा ब्रॉडवेवर नाटकात काम करत होता. हे वाचल्यापासून तो सीन मला वेगळाच दिसतो.

हा सिनेमा मी पोरांना दाखवलाय, म्हणून एवढं लिहितोय. रिटायर झाल्यावर काही वर्षं आमच्या जिल्ह्याच्या गावी निरीक्षण गृहात, लोक अजून रिमांड होमच म्हणतात, आठवड्यातून दोन दिवस सुतारकाम शिकवायला जायचो. तिथे सगळ्यात मोठं काम शिकवणं नसतं, मोजणं असतं. संध्याकाळी पटाशा मोजून पेटीत, करवती मोजून पेटीत, एक जरी कमी पडली तर कुणी जागचं हलायचं नाही. एकदा एक पटाशी कमी भरली, अर्धा तास सगळे उभे, शेवटी माझ्याच शबनम पिशवीत सापडली. पोरं काही बोलली नाहीत पण पुढचा महिनाभर मी निघालो की एकजण दारात उभा राहून म्हणायचा, सर, पिशवी दाखवा.

एका रविवारी हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडून हा सिनेमा लावला. वीस-बावीस पोरं, १४ ते १७ वयाची. इंग्रजी कुणालाच येत नाही, मी मधे मधे पॉज करून मराठीत सांगायचो. ब्लॅक अँड व्हाईट बघून आधी कुरकुर झाली. दहा मिनिटांत एकजण ओरडला, सर हा तर 'राम जाने' आहे! बरोबर होतं त्याचं. शाहरुखचा १९९५ चा 'राम जाने' यावरूनच घेतलेला, त्यांनी तो टीव्हीवर बघितलेला. मग शेवट काय होणार हे सगळ्यांना माहिती आणि तरी शेवटी हॉल गप्प झाला. संपल्यावर जे भांडण लागलं ते तुमच्या लेखकाने ऐकायला पाहिजे होतं. निम्म्यांचं म्हणणं त्याने ॲक्टिंग केली, फादरसाठी केली, मानला भाऊला. एकजण म्हणाला, काय ॲक्टिंग, खुर्ची बघितल्यावर कुणाची पण फाटते. आणि एक शांत पोरगं, जे कधी बोलायचं नाही, ते म्हणालं की मग फादरने पोरांना खोटं सांगितलं ना. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे पण नाही. ब्रीनच्या ऑफिसलाही सुचलं नसेल. भाई भ्याड मेला हे दाखवून पोरं सुधारतील असा हिशोब होता आणि ८० वर्षांनी रिमांड होममधली पोरं बघून म्हणतायत, भाईने दोस्तासाठी इज्जत सोडली, याच्याहून मोठा भाई कोण.

शेवटी फादर पोरांना म्हणतो की चला, माझ्याइतकं जोरात पळता न आलेल्या एका पोरासाठी प्रार्थना करू. हे मराठीत सांगितलं तेव्हा त्यांच्यातला एकजण, दुचाकी चोरीत आलेला, हसत म्हणाला, सर, आम्ही तिघे पळालो होतो, माझी चप्पल तुटली. बाकीचे दोघं कुठायत विचारलं तर म्हणाला एक कॉलेजात आहे, एक मामाच्या दुकानात. तक्रार म्हणून सांगितलं नाही त्याने. आजचा पाऊस सांगावा तसं.

लेखक म्हणतो त्या संस्काराचं मला काही माहीत नाही. पण त्या पोराला अख्ख्या सिनेमातून नेमकं ते एक वाक्य सापडलं, आणि माझ्या मते कर्टिझच्या सिनेमात तेच एक वाक्य ब्रीनला कळलं नाही.

आणखी एक, हे खास तुमच्यासाठी. रॉकीला पोरांचा हिरो कोण करतं, बघा परत सिनेमा. पेपर. पोरं त्याच्या बातम्या पेपरात वाचत असतात, आज काय केलं, कोर्टात काय बोलला, मरायच्या आधी काय थाटात राहतोय. आणि तो घाबरून मेला ही बातमी पण पेपरातच येते, पोरं तळघरात बसून मोठ्याने वाचतात आणि फादर म्हणतो हो, खरंय. पेपरवाल्यांनी डोळ्यासमोर दिसलं ते छापलेलं, त्यांची चूक नाही. पण कोयता गँगच्या बातम्या छापताना त्या पोरांना जी टोपणनावं देता ना ठळक टायपात, ती आत हॉलमध्ये पोरं एकमेकांना वाचून दाखवतात, मी ऐकलंय. अल्पवयीन पोराचं नाव, ओळख छापू नये असं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे, ते तुम्ही पाळता हे खरं, पण टोपणनावाने गल्लीला ओळख पटतेच.

आता फोटो. लेखासोबत जो फोटो आहे, जेलच्या कॉरिडॉरमधून पाद्री आणि शेजारी कैदी, त्याखाली तुम्ही लिहिलंय 'बॉईज टाऊनमध्ये स्पेन्सर ट्रेसी'. तो ट्रेसी नाही. तो पॅट ओब्रायन आहे, शेजारी चालतोय तो कॅग्नी, आणि सिनेमा 'एंजल्स'. ट्रेसी आणि ओब्रायन, दोघांच्या गळ्यात पाद्र्याचा तोच पांढरा पट्टा, त्यामुळे चूक होऊ शकते. तसे ट्रेसी आणि ओब्रायन मिल्वॉकीच्या एकाच शाळेतले दोस्त, पहिल्या महायुद्धात नेव्हीत पण एकत्रच गेले, त्यामुळे दोघांपैकी कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण दुरुस्ती छापा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त निदेशक, सुतारकाम)